दुधाआधी ऊब: आंब्याच्या पेटीतली चार पिल्लं

मामीची मांजर आषाढी एकादशीला व्याली आणि गुरुपौर्णिमेच्या सकाळी पडवीत, लाकडांच्या रचाईपाशी मरून पडलेली सापडली. पुढचा एक पाय सुजून टम्म झाला होता. मामी म्हणाली, फुरसं. असेलही, पावसाळ्यात लाकडांत ते निघतं. पण डसताना कुणी पाहिलेलं नाही, म्हणून मी माझ्या वहीत ‘बहुधा सर्पदंश’ एवढंच लिहिलं. कणगीमागे तिची चार पिल्लं होती. वय चार दिवस, डोळे मिटलेले, कान डोक्याला चिकटलेले.

राजापूर तालुक्यातलं, घाटाच्या बाजूचं माझं आजोळ. लावणीला म्हणून मी पुण्याहून आठ दिवसांची रजा टाकून आले होते. पुण्यात आईविना पिल्लं वाढवण्याचं काम मी काही वर्षं करते आहे. तिथे माझ्याकडे गरम गादी आहे, ग्रॅमवर मोजणारा काटा आहे, मांजरीच्या पिल्लांची दूधपावडर आहे, लहान बुचांच्या बाटल्या आहेत. इथे यातलं काहीच नव्हतं. अर्जुना आणि कोदवली या दोन्ही नद्या भरल्या होत्या, राजापुरात जवाहर चौकात पाणी होतं, अणुस्कुरा घाटात दरड आली होती आणि वीज तासभर यायची, तीन तास जायची. चालू होता तो फक्त फोन, तोही मागच्या अंगणातल्या फणसाखाली उभं राहिलं तर. हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे, कारण कमी साधनांत काय जमतं हे त्यातून कळतं. आणि सगळं ठाऊक असलेला माणूस कुठे चुकतो, तेही.

पिल्लं एकटी दिसली म्हणून उचलायची नसतात. आई दोन-तीन तास शिकारीला जाते, कधी एकेक पिल्लू तोंडात धरून दुसरीकडे हलवत असते, आणि मधल्या वेळेत आपण जाऊन तिचा संसार मोडतो. इथे आई समोर मेलेली होती, म्हणून वाट पाहण्याचा प्रश्न नव्हता. दूध पाजणारी दुसरी मांजर मिळते का, हे मात्र मी आधी शोधलं. कमी साधनांतला सगळ्यात चांगला उपाय तोच, आणि फुकटचा. खालच्या वाडीत एक होती, पण तिची पिल्लं महिन्याची झालेली, दूध आटत आलेलं. आमचं एक पिल्लू तिच्या पिल्लांच्या अंथरुणात घोळवून पुढे ठेवलं, तर ती फिस्कारून माळ्यावर गेली ती गेलीच.

एक गोष्ट मात्र पिल्लांच्या बाजूने होती. चार दिवस ती आईला प्यायली होती. पहिल्या दिवसाचा चीक पोटात गेला, की आईची रोगप्रतिकारशक्ती थोडीफार मिळते. जन्मल्यावर पंधरा-वीस तासांनंतर पिल्लाचं आतडं ती घेईनासं होतं. जन्मतः आई गेली असती, तर मी या चौघांबद्दल फार आशा धरली नसती.

पशुवैद्य डॉक्टरांना फणसाखालून फोन लावला. त्यांचा पहिला प्रश्न दुधाचा नव्हता. मांजर मरण्याआधी विचित्र वागत होती का, कुणाला चावली-ओरबाडली का? तसं नव्हतं, आदल्या रात्री ती नेहमीसारखी ताटाशी येऊन बसली होती. मग म्हणाले, हात साबणाने धुवत राहा, आणि पिल्लं गरम आहेत का?

नव्हती. पहाटेपासून पाच-सहा तास ती आईविना होती आणि ओल्या हवेत गारठली होती. पोटाखाली बोट घातलं तर चिखलात घातल्यासारखं गार. पहिल्या आठवड्यात पिल्लाला थंडीने कापता येत नाही, स्वतःची ऊब स्वतः तयार करता येत नाही. त्याचं अंग पस्तीस-छत्तीस अंशांवर असावं लागतं. त्याच्या बरंच खाली गेलं की आतडं काम थांबवतं, पाजलेलं दूध पोटात तसंच नासतं, नाहीतर उलटून श्वासनळीत जातं. मामी वाटी घेऊन दारात उभी. “अगो, पयलं दूध घाल वाईच. उपाशी हायत ती.” मी नाही म्हटलं. पुढचा दीड तास ती माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती, ती मला अजून आठवते.

ऊब कुठून आणायची? पहिला विचार दिव्याचा आला. पूर्वी साठचा बल्ब टांगला की काम व्हायचं. आता घरोघरी एलईडी, त्याने उजेड पडतो पण शेक लागत नाही. शिवाय वीज होती कुठे. चूल मात्र होती. मामीच्या चुलीच्या वैलावर पाण्याचं भांडं कायम असतं, आणि रात्री निखारे राखेत पुरून ठेवले की पहाटेपर्यंत पाणी हाताला चटका देण्याइतकं गरम राहतं. एक-एक लिटरच्या दोन प्लास्टिकच्या बाटल्या त्या पाण्याने भरून, टॉवेलात गुंडाळून, आलटून पालटून वापरल्या. दोन-अडीच तास पुरायच्या. मधल्या वेळेसाठी जाडं मीठ तव्यावर भाजून त्याची पुरचुंडी, जशी कंबर शेकायला करतात तशी. ती पटकन तापते आणि पाऊण तासात निवते. प्रत्येक वेळी आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला मिनिटभर धरून बघायची, कारण पिल्लाला भाजलं तरी बाजूला सरकण्याएवढी ताकद नसते.

घर म्हणून हापूसची रिकामी लाकडी पेटी घेतली. आषाढात कोकणात कुठल्याही घरी या पेट्या पडलेल्या असतात. तळाला कोरडा पेंढा, वर जुन्या गोधडीचा तुकडा, बाजूच्या फटींना वर्तमानपत्र. बाटली पेटीच्या एकाच अंगाला, म्हणजे नको झाली तर सरकायला दुसरं अंग मोकळं. आत साधारण तीस अंश हवेत. थर्मामीटर नसेल तर पिल्लांकडे बघावं. ढीग करून गाढ झोपली तर ठीक, ढिगात धडपडत रडत असतील तर गार, एकमेकांपासून लांब पसरून धापत असतील तर फार गरम. पेटी चुलीजवळ ठेवायचा मामीचा आग्रह मी मोडला. धूर त्यांच्या छातीला मानवत नाही.

दीड तासाने पोटं गरम लागली, बोट लावल्यावर तोंडं चोखायला लागली. तेव्हा दूध.

आणि दूध म्हणजे कोणतं, यावर थोडं थांबते, कारण बहुतेक पिल्लं इथेच दगावतात. मांजरीच्या दुधात प्रथिनं आणि स्निग्धांश दोन्ही गाईच्या दुधाच्या जवळपास दुप्पट असतात, आणि लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, त्या मानाने कमी. नुसतं गाईचं दूध पाजलं तर पिल्लू जुलाबही करतं आणि उपाशीही राहतं. त्यात पाणी घालून ‘पचायला हलकं’ करण्याची आपली सवय तर घातकच. शेळीचं दूध चालतं ही समजूत मी सगळीकडे ऐकते. त्यातही प्रथिनं गाईच्या दुधाइतकीच असतात. डब्यातलं गोड घट्ट दूध म्हणजे साखर. मध नको.

मामीकडे म्हशीचं दूध होतं, गावठी अंडी होती आणि फडक्यात बांधून ठेवलेलं दही होतं, श्रीखंडासाठी. त्या टांगलेल्या फडक्याकडे बघून मला सुचलं की चक्का म्हणजे निम्मं उत्तर आहे. दह्याचं पाणी गळून जाताना त्याबरोबर बरंचसं लॅक्टोज जातं आणि मागे प्रथिनं दाट होतात. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, चार-पाच दिवसांसाठी चालवा, त्यापुढे नको. यात टॉरिन हे अमिनो आम्ल पुरेसं नाही, आणि ते मांजरांना लागतंच, नाहीतर पुढे डोळे आणि हृदय बिघडतं.

प्रमाण असं: म्हशीचं साठ मिली दूध, दोन चमचे बिनसाखरेचा चक्का, एका अंड्याचा फक्त पिवळा बलक. पांढरं अजिबात नाही, कच्च्या पांढऱ्यामुळे बायोटिन हे जीवनसत्त्व बांधलं जातं. मंद आचेवर सारखं ढवळत, चमच्याच्या पाठीवर थर धरेपर्यंत गरम केलं, उकळू दिलं नाही. खाली उतरवून उकळून कोमट केलेलं पाणी घालत सगळं मिळून दीडशे मिली केलं आणि मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळलं. एवढ्याशा गुठळीनेही सिरिंज अडते. माझ्या हिशेबाने यात मिलीलीटरमागे एक कॅलरी पडते, आणि पिल्लाला वजनाच्या दर शंभर ग्रॅममागे दिवसाला साधारण वीस कॅलरी लागतात. म्हणजे शंभर ग्रॅमचं पिल्लू, दिवसाला वीस मिली, आठ वेळांत वाटून. एका वेळी शंभर ग्रॅमला चार मिलीच्या वर कधीच नाही, कितीही रडलं तरी. फ्रिज बंद, म्हणून सकाळ-संध्याकाळ ताजं करायचं, उरलेलं कुत्र्याला. मोत्याचं वजन त्या आठवड्यात पिल्लांपेक्षा जोरात वाढलं.

पण शंभर ग्रॅम मोजायचे कशाने? किराणा दुकानाच्या काट्यावर एवढुसं वजन नीट कळत नाही. सोनाराच्या काट्यावर कळतं, पण चार दिवसांची पिल्लं पावसातून बाजारात न्यायची नव्हती. मग पिल्लांऐवजी नाणी नेली. मामीच्या डब्यात दहाच्या नाण्यांचा ढीग होता, कारण गावात दुकानदार ती खोटी म्हणून घेत नाहीत (खोटी नाहीत, पण कोण वाद घालणार). सोनारांनी एकेक वजन करून दिलं: दहाचं नाणं ७.७ ग्रॅम, त्यातलं एक रुपयाचं ३.८, म्हणजे जवळपास निम्मं. घरी येऊन कपड्यांच्या हँगरला दोन्ही टोकांना दोन डब्यांची झाकणं सुतळीने टांगली, रिकामी असताना समतोल केली, आणि तयार झाला आमचा तराजू.

काळा साडेसोळा नाणी, ठिपका साडेपंधरा, तांबडी पंधरा, आणि लहानगी अकरा. ग्रॅममध्ये १२७, ११९, ११५ आणि ८५. या वयाला रोज दहा ते पंधरा ग्रॅम वाढ अपेक्षित असते, म्हणजे दीड नाणं. पुढचे सहा दिवस घरात सकाळचा प्रश्न एकच असायचा: दीड झालं का?

पाजायला मेडिकलमधून आणलेली दोन मिलीची सिरिंज, सुई काढून. टोकाला सायकलच्या वालट्यूबचा बोटभर तुकडा, उकळून घेतलेला. पिल्लू पोटावर, आईला पितं तसं, मान जराशी वर. माणसाच्या बाळासारखं उताणं धरलं की दूध फुप्फुसात जातं. पाजण्याआधी आणि नंतर, कोमट पाण्यात भिजवलेल्या सुती फडक्याने बुडाखाली हलकेच पुसत राहायचं. आई चाटते तेव्हाच त्यांना शी-शू होते, आपोआप होत नाही. हे काम मामीने अंगावर घेतलं आणि माझ्यापेक्षा कितीतरी छान केलं. जुन्या लुगड्याचे तुकडे, एका हातात पिल्लू, तोंडाने गाऱ्हाणं. पिवळसर, टूथपेस्टसारखी शी दिसली की मला हाक मारून दाखवायची.

दुसऱ्या रात्री पहिली गडबड झाली. उकळून उकळून सिरिंजचं रबर फुगलं होतं. दट्ट्या अडकला, मी जोर दिला आणि तो एकदम सुटून अर्धा मिली दूध तांबडीच्या घशात गेलं. नाकातून दूध आलं. डोकं खाली करून धरलं, नाक पुसलं, शिंकली, श्वास मोकळा झाला. दोन दिवस तिच्या छातीला कान लावून बसत होते. घरघर आली नाही. त्यानंतर सिरिंज दर दोन दिवसांनी नवी. चार-पाच रुपयांची वस्तू, तिथे मी काटकसर करायला नको होती.

पिसवाही होत्या. एवढ्याशा अंगात रक्त किती, पिसवा जास्त असल्या तर पिल्लू पांढरंफटक पडतं. मामा गोठ्यातली गोचिडाची पावडर घेऊन आला. ती डब्यासकट परत पाठवली. गुराढोरांच्या आणि कुत्र्यांच्या अशा औषधांत पर्मेथ्रिन हे कीटकनाशक असू शकतं, आणि ते मांजराला मारतं. कडुनिंबाचं तेलही नको. उवांची बारीक फणी, शेजारी साबणाच्या पाण्याची वाटी, आणि एकेक पिसू काढून वाटीत. तासभराचं काम, आणि पाठीचं वाटोळं.

आता लहानगीबद्दल.

ती सुरुवातीपासून मागे होती. बाकीची थोडीथोडी वाढत असताना ती अकरावर अडली, मग साडेदहावर आली. तिला दोन मिलीच्या जागी दीड मिली, पण दर दीड तासाने द्यायचं ठरवलं. चौथ्या रात्री, एकच्या वेळेनंतर, मी गजर लावून आडवी झाले. फोनची बॅटरी संपली होती. जाग आली ती पाचला, कोंबड्याने. बाटल्या गार, बाकीची तिघं एकमेकांच्या अंगावर, आणि लहानगी ढिगातून बाहेर ढकलली जाऊन पेटीच्या गार कोपऱ्यात. थर्मामीटर लावला तर आकडा नाही, नुसतंच ‘लो’. आपल्या घरातले थर्मामीटर बत्तीसच्या खाली मोजतच नाहीत.

गाऊनच्या आत, छातीला लावून घेतली. एकदम गरम पाण्यात बुडवायचं नसतं, हळूहळूच. ग्लुकोजच्या पाण्याचा थेंब बोटाने हिरड्यांना चोळला. चाळीस-एक मिनिटांनी पाय हलले, मग बारीक आवाज काढला. मामी बाजूला, हातात सिरिंज तयार. थर्मामीटर अजून ३३.४ दाखवत होता. आणि मी तिला एक मिली दूध पाजलं.

का? तोंड उघडत होती म्हणून. चार तास मी झोपले याची शरम होती म्हणून. पहिल्या दिवशी मामीला जे दीड तास नाकारलं, ते त्या पहाटे मला स्वतःला नाकारता आलं नाही. आठच्या सुमारास पोट फुगलं, पिल्लू मान मागे टाकून धापू लागलं, साडेदहाला गेलं. शवविच्छेदन झालं नाही, त्यामुळे दुधानेच गेली असं मी म्हणू शकत नाही. जन्मतःच काही कमी असेल, थंडीनेच घात केला असेल. पण दूध द्यायला नको होतं, एवढं नक्की. डॉक्टरांना तसंच सांगितलं. ते म्हणाले, बाकीच्यांच्या बाटल्या बदलल्या का?

त्या दिवसापासून रात्र वाटून घेतली: नऊ ते दोन मामा, पुढे मी. गजर मामाच्या जुन्या चावीच्या घड्याळाचा.

सातव्या दिवशी घाट सुटला आणि मामेभाऊ कोल्हापूरहून पावडरचा डबा, ग्रॅमचा काटा आणि छोट्या बाटल्या घेऊन आला. पिल्लं अकरा दिवसांची, डोळ्यांना फटी पडलेल्या. काट्यावर काळा १७१, ठिपका १६०, तांबडी १४८. मी रजा वाढवून घेतली. दूध एकदम बदललं नाही. पहिल्या दिवशी पाव भाग नवं, मग निम्मं, तिसऱ्या दिवशी पूर्ण. तरी तांबडीला दीड दिवस शी झाली नाही. पाणी किंचित वाढवलं, पोट कोमट फडक्याने गोल चोळलं, सुटली.

नंतरचं तीन आठवड्यांचं फारसं सांगण्यासारखं नाही, वाढत गेली. दोनच नोंदी. काळ्याला ठिपक्याच्या मागच्या अंगाला चोखण्याची सवय लागली आणि तिथे सूज आली; आईविना पिल्लांत हे नेहमीचं आहे. काही दिवस ठिपका वेगळ्या टोपलीत, पाजायच्या वेळीच एकत्र. आणि विसाव्या दिवशी, बाटल्या धुवायला टाकल्या होत्या म्हणून मी जुनी वालट्यूब काढली, तर काळ्याने नव्या दातांनी ती टोकावरून खेचून तोंडात घेतली. चिमट्याने ओढून काढली. आतड्यात गेली असती तर शस्त्रक्रियेशिवाय गत्यंतर नव्हतं. दात टोचू लागले की वालट्यूब बंद.

कृमीचं औषध डॉक्टरांनी स्वतः तपासून, वजनावर मोजून दिलं. अठ्ठाविसाव्या दिवशी वजनं ३७४, ३६१, ३५०. जेवण सुरू करायचं तर मामी म्हणाली सुकट. सुक्या मासळीत मीठ फार. ताजी अजून मिळत नव्हती, नारळी पौर्णिमा व्हायची होती. मग बिनमिठाचं उकडलेलं कोंबडीचं मांस, हाडं काढून, पाट्यावर वाटून, दुधाच्या पावडरीत कालवलेलं. पहिल्या दिवशी तिघंही त्यात नुसती चालली. शी-शू करायला बिस्किटांच्या डब्याच्या झाकणात नदीची चाळलेली वाळू. ती त्यांना कुणी शिकवावी लागली नाही.

तांबडी माझ्याबरोबर पुण्याला आली. काळा आणि ठिपका मामीकडेच आहेत. आठव्या आठवड्यात तिघांचीही पहिली लस झाली, रेबीजची बारा आठवडे पूर्ण झाल्यावर आहे. नसबंदीसाठी त्या दोघांना राजापुरात कोण आणि कशाने नेणार, यावर मामा-मामींचं अजून चाललं आहे. हँगरचा तराजू पडवीत तसाच टांगलेला आहे. नाणी मामीने धुऊन डब्यात टाकली. एक कमी भरलं, ते पेटीतला पेंढा गोठ्यात टाकताना सापडलं.